लिनक्सची कुरकुर : शेअरवरचे फोटो उघडेनात

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की घरातले सगळे फोटो एका मशीनवर ठेवा, ते फोल्डर शेअर करा आणि बाकीच्या कॉम्प्युटरवरून बघा, मजा येते. आता पत्रं येतायत की कसली मजा, फोटोच उघडत नाहीत. चूक माझीच, अर्धवट सांगितलं की असंच होतं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच एका विषयावरचे घेतलेत.

आधी एक काम करा. अडलेला फोटो शेअरवरून उचलून डेस्कटॉपवर कॉपी करा आणि तिथून उघडा. उघडला तर फोटो धडधाकट आहे, गाडी वाटेत कुठेतरी अडलीय. डेस्कटॉपवरही नाही उघडला तर नेटवर्कला शिव्या घालून उपयोग नाही, दुखणं फाइलमध्ये आहे. निम्मा निकाल इथेच लागतो. आणि हो, कमांड, फोल्डर वगैरेंची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ती इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं.

प्रश्न : आमचा इचलकरंजीला फोटो स्टुडिओ आहे. फोटो सगळे विंडोजच्या मशीनवर, शेअर केलेले. मी लिनक्स मिंट वापरतो. फाइल मॅनेजरमधून शेअर उघडतं, फोटोवर डबल क्लिक केलं की तो एक फोटो दिसतो, पण बाणाचं बटण दाबून पुढचा बघायला गेलो तर काहीच होत नाही. फोल्डरमध्ये ८०० फोटो आणि व्ह्यूअर म्हणतो १ पैकी १! गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असतं हो.

उत्तर : गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असताना '१ पैकी १' म्हणजे लाजच की. तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैजेवर सांगतो, हा व्ह्यूअर तुम्ही सॉफ्टवेअर मॅनेजरमधून फ्लॅटपॅक म्हणून घेतलाय. बघा आणि मला कळवा.

होतं काय, फाइल मॅनेजरमध्ये नेटवर्कवर क्लिक करून तुम्ही जे उघडता ते खरं फोल्डर नसतंच, तो एक पत्ता असतो, 'एसएमबी' ने सुरू होणारा (विंडोजची मशीनं फाइली शेअर करताना जी भाषा बोलतात ती एसएमबी). फाइल मॅनेजरला तो पत्ता कळतो कारण त्याच्या मागे जीव्हीएफएस नावाचा गडी काम करत असतो, तो विंडोजच्या मशीनशी बोलून याद्या आणि फाइली आणून देतो. काही व्ह्यूअरनासुद्धा या गड्याशी बोलता येतं, मिंटचा स्वतःचा एक्सव्ह्यूअर त्यातलाच. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी त्या गड्याने एक चोरवाट ठेवलीय, रन फोल्डरमध्ये युजर, त्यात १०००, त्यात जीव्हीएफएस. तिथे गेलात तर तुमचं शेअर साध्या फोल्डरसारखं दिसतं, फक्त नाव भलतंच लांबलचक असतं, सर्व्हर इक्वल टू अमुक, शेअर इक्वल टू तमुक असं. (१००० हा तुमचा युजर नंबर, मशीनवर पहिलं खातं तुमचं असेल तर हाच असतो.)

आता फ्लॅटपॅकचं सांगतो. फ्लॅटपॅकचा प्रोग्राम एका बंद खोलीत राहतो, आणि ही चोरवाट त्या खोलीतून दिसतच नाही. तुम्ही डबल क्लिक करता तेव्हा सिस्टीम तो एक फोटो खिडकीतून आत सरकवते, डबा आत द्यावा तसा, म्हणून तो दिसतो. पण शेजारचे ७९९ फोटो खोलीच्या बाहेरच, व्ह्यूअरला त्यांचा पत्ताच नाही, मग तो पुढचा कुठून दाखवणार. तो खोटं बोलत नाहीये, त्याच्या जगात खरंच १ पैकी १ आहे.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तो फ्लॅटपॅक काढा आणि तोच प्रोग्राम साध्या पॅकेजमधून घ्या, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नावाजवळच सिस्टीम पॅकेज की फ्लॅटपॅक ते निवडता येतं. फ्लॅटपॅकच हवा असेल तर फ्लॅटसील नावाचं छोटं अॅप टाका, त्यात डावीकडे तुमचा व्ह्यूअर निवडा, फाइलसिस्टीमच्या भागात 'एक्सडीजी-रन/जीव्हीएफएस' अशी एक ओळ वाढवा, आणि तशीच दुसरी, शेवटी 'जीव्हीएफएसडी'. व्ह्यूअर बंद करून पुन्हा चालू करा.

पण तुमचं रोजचं धंद्याचं काम आहे म्हणून मी तिसरा उपाय सुचवेन, शेअर कायमचं माउंट करून टाका, म्हणजे साध्या फोल्डरसारखं आपल्या मशीनला जोडून ठेवा. सिफ्स-युटिल्स पॅकेज टाकायचं (सिफ्स म्हणजे सी, आय, एफ, एस), एमएनटीखाली 'फोटो' असं फोल्डर करायचं आणि ईटीसीमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ लिहायची, त्यात विंडोज मशीनचा आयपी नंबर, शेअरचं नाव, हे फोल्डर, प्रकार सिफ्स, आणि मग ऑप्शन. पासवर्ड त्या ओळीत लिहू नका, ती फाइल मशीनवर कोणीही वाचू शकतं, क्रेडेन्शियल्सची, म्हणजे युजरनेम-पासवर्डची, वेगळी फाइल करा आणि तिची परमिशन ६०० ठेवा, म्हणजे फक्त मालकालाच ती वाचता येईल. 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' हे दोन ऑप्शन विसरू नका, नाहीतर ज्या दिवशी विंडोजचं मशीन बंद असेल त्या दिवशी तुमचं लिनक्स सुरू होताना ताटकळत बसेल आणि तुम्ही मला फोन कराल. आयपी नंबरसुद्धा राउटरमध्ये त्या मशीनच्या नावाने राखून ठेवा, वीज गेली की बदलतात ते, आणि इचलकरंजीत वीज जात नाही असं मला कोणी सांगू नका.

एकदा हे झालं की साध्या पॅकेजमधला कुठलाही व्ह्यूअर चालेल, त्याच्या दृष्टीने ते साधं फोल्डर. फक्त बंद खोलीतले प्रोग्राम इथेही अडू शकतात, फ्लॅटपॅकला फ्लॅटसीलमध्ये एमएनटीचीही ओळ वाढवावी लागू शकते, आणि स्नॅपमधून (हा फ्लॅटपॅकचाच भाऊबंद) घेतलेल्यांना एमएनटीमध्ये शिरायला 'रिमूव्हेबल-मीडिया' ची परवानगी द्यावी लागते.

प्रश्न : फोटो उघडतात पण फोल्डरमध्ये छोटी चित्रं दिसत नाहीत, सगळीकडे एकच आयकॉन. हजार फोटोंतून नातीचा फोटो शोधायचा कसा? (निवृत्त शिक्षिका, ठाणे)

उत्तर : बाई, हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सेटिंग आहे. फाइल मॅनेजर मुळात ही छोटी चित्रं, म्हणजे थंबनेल, फक्त आपल्याच कॉम्प्युटरवरच्या फाइलींचे करतात. मिंटच्या निमोमध्ये प्रेफरन्सेस, त्यात प्रिव्ह्यू, तिथे 'लोकल फाइल्स ओन्ली' असेल ते 'ऑलवेज' करा. उबंटूच्या फाइल्समध्ये 'ऑन धिस कॉम्प्युटर ओन्ली' च्या जागी 'ऑल फाइल्स'. केडीईच्या डॉल्फिनमध्ये प्रिव्ह्यूच्या सेटिंगमध्ये रिमोट स्टोरेजसाठी एमबीची मर्यादा द्यायची असते, तिथे काही दिलेलं नसलं तर प्रिव्ह्यू नाहीच.

असं का ठेवलंय तेही सांगतो. बोटभर चित्र बनवायला अख्खा फोटो नेटवर्कवरून ओढावा लागतो. ८ एमबीचे २००० फोटो असतील तर १६ जीबी झाले, साध्या १०० मेगाबिटच्या वायरवर त्याला पंचवीसेक मिनिटं लागतात. पहिल्यांदाच लागतात, पुढच्या वेळी तुमच्याच होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॅशमधून, म्हणजे साठवून ठेवलेल्यातून, चित्रं येतात. तर पहिल्या दिवशी फोल्डर उघडा आणि चहा टाका. मात्र त्या कॅशमधली चित्रं पत्त्यावरून ओळखली जातात, म्हणजे आज तुम्ही शेअर आयपी नंबरने उघडलंत आणि उद्या मशीनच्या नावाने, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकच वाट धरा, तिला बुकमार्क करून ठेवा.

आणि काही ठरावीक फोटोंचीच चित्रं येत नसतील तर होममध्ये कंट्रोल आणि एच दाबून लपलेली फोल्डरं दाखवा, डॉट कॅश, त्यात थंबनेल्स, त्यात 'फेल' नावाचं फोल्डर दिसेल, ते खुशाल उडवा. एखादा फोटो कॉपी होत असताना अर्धाच होता आणि चित्र बनलं नाही तर त्याची तिथे नापास म्हणून नोंद होते, आणि फोटो पुढे पूर्ण झाला तरी कधीकधी तो शिक्का जात नाही. नापासाचा शिक्का किती चिकट असतो ते तुम्हाला मी काय सांगू.

प्रश्न : नाशिकला लग्नाचे फोटो काढतो. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची) ३० एमबीच्या आसपास. लिनक्सवर शेअरवरून एकेक उघडायला ३-३ सेकंद लागतात, मित्राकडे तसाच सेटअप, फटाफट उघडतात. मशीन बदलू का?

उत्तर : थांबा, पाकीट खिशात ठेवा. ३० एमबीला ३ सेकंद म्हणजे सेकंदाला १० एमबी, आणि हा आकडा मला ओळखीचा वाटतोय. १०० मेगाबिटच्या लाइनवर प्रत्यक्षात सेकंदाला ११ एमबीच्या आसपासच मिळतं. गिगाबिट असती तर ११०, म्हणजे फोटो पाव सेकंदात आला असता. मित्राचा फरक तिथे आहे.

टर्मिनलमध्ये 'ईथटूल' आणि पुढे तुमच्या नेटवर्क कार्डचं नाव द्या, सुडो लावून (म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने), 'स्पीड' ची ओळ बघा. १००० असेल तर माझं चुकलं. १०० असेल तर तुमचा स्विच किंवा राउटर १०० चा आहे, नाहीतर वायर. आणि वायर असायची शक्यता जास्त! गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिट फक्त चार तारांवर चालतं, त्यामुळे उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली की कनेक्शन बंद पडत नाही, ते गुपचूप १०० वर येतं आणि वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. माझ्याच घरी वायरमनने एका केबलच्या आठ तारांतून चार-चार तारा काढून दोन कॉम्प्युटर जोडून दिले होते, एका केबलचे पैसे वाचवले म्हणून मी त्याला वर चहा पाजला, आणि मग दीड वर्ष सर्व्हरला नावं ठेवत बसलो. प्लग कापून उघडला तेव्हा आत चारच रंग, नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्या आणि तपकिरीचा पत्ता नाही.

तर आधी मित्राची केबल एक दिवस मागून आणा आणि लावून बघा. वायफायवर असाल, त्यातही २.४ गिगाहर्ट्झवर, तर केबल टाकाच, त्याबद्दल जास्त बोलत नाही. आणि रॉ फोटो एडिट करायला डार्कटेबल हा प्रोग्राम वापरत असाल तर त्यात निवडलेले फोटो 'कॉपी लोकली' करायची सोय आहे, एडिटिंगपुरते आपल्या डिस्कवर आणा, काम झालं की परत सिंक करा.

प्रश्न : शेअरवरचे काही जेपीजी विंडोजवर मस्त उघडतात, लिनक्सवर 'नॉट अ जेपेग फाइल, स्टार्ट्स विथ' आणि पुढे काहीतरी आकडे येतात. डेस्कटॉपवर कॉपी करूनही तेच.

उत्तर : डेस्कटॉपवरही तेच म्हणजे नेटवर्क सुटलं निर्दोष. ते आकडे टाकाऊ नाहीत, तेच उत्तर आहे. '५२' आणि '४९' असतील तर ती फाइल वेबपी (फोटोचा वेगळा प्रकार) आहे, '८९' आणि '५०' असतील तर पीएनजी. कोणीतरी नेटवरून फोटो उतरवला आणि नाव बदलून पुढे जेपीजी लावलं, पाटी बदलली म्हणून दुकान बदलत नाही. विंडोजचा व्ह्यूअर पाटी न बघता आत डोकावतो म्हणून चालतं, तुमचा व्ह्यूअर पाटीवर विश्वास ठेवतो. टर्मिनलमध्ये 'फाइल' ही कमांड देऊन पुढे फोटोचं नाव द्या, खरी जात सांगेल, मग नाव त्याप्रमाणे बदला.

आयफोनचे फोटो असतील तर वेगळं. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो काढतो, आणि त्यासाठी लिनक्सवर वेगळं पॅकेज लागू शकतं, उबंटू-मिंटवर 'हीफ-जीडीके-पिक्सबफ' नावाचं (हीफ म्हणजे एच, ई, आय, एफ). टाका, लॉगआउट करून परत या.

प्रश्न : भाच्याने त्याच्या जुन्या मॅकवरचे घरचे फोटो आमच्या लिनक्स सर्व्हरवर आरसिंकने (फाइली कॉपी करायची कमांड) आणून टाकले, नंतर मी त्यातलेच काही पेनड्राइव्हवरून पण टाकले. आता 'दुसऱ्या मुलीचं बारसं' असं एकाच नावाचं फोल्डर दोनदा दिसतं! एकाच ठिकाणी एकाच नावाची दोन फोल्डरं कशी असतील? शोधलं तर एकच सापडतं. स्लाइडशोची जी यादी केली होती ती म्हणते फाइल नाही. 'मोठ्या मुलीचं बारसं' मात्र एकदाच आहे आणि नीट चालतं.

उत्तर : या पत्राने माझा दिवस साजरा केला, कारण मोठी मुलगी ठीक आणि दुसरी अडकली यातच सगळी गंमत आहे. गुन्हेगार तुमची मुलगी नाही, 'दुसऱ्या' मधला ऱ आहे.

आपला हा ऱ, तऱ्हा, पायऱ्या, किनाऱ्यावर यातला, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे अख्खा ऱ, एकच चिन्ह, ३ बाइट. दुसरा म्हणजे साधा र आणि त्याच्या खाली नुक्ता, म्हणजे टिंब, दोन चिन्हं, ६ बाइट. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे दिसतात. जुना मॅक, म्हणजे एचएफएस प्लस डिस्कवाला, फाइलींची नावं कायम फोडून ठेवायचा, तुम्ही काहीही टाइप करा, तो र आणि नुक्ताच लिहिणार. लिनक्स यातलं काही करत नाही, त्याला नाव म्हणजे फक्त बाइटची माळ. एक 'दुसऱ्या' २१ बाइटचा, दुसरा 'दुसऱ्या' २४ बाइटचा, झाली दोन वेगळी फोल्डरं. तुम्ही कीबोर्डवर जो ऱ टाइप करता तो अख्खा, म्हणून शोधल्यावर पेनड्राइव्हवालं सापडतं आणि मॅकवालं नाही. स्लाइडशोच्या यादीचंही तेच, यादीत एक ऱ आणि डिस्कवर दुसरा. 'मोठ्या' मध्ये ऱ नाही, ते दोन्हीकडे एकच राहिलं आणि पेनड्राइव्हवरचं निमूट त्यातच मिसळलं.

उपाय, आधी दोन्ही फोल्डरांतले फोटो एकात आणा आणि रिकामं झालेलं उडवा. मग 'कॉन्व्हएमव्ही' नावाचं पॅकेज टाका, त्याला फ्रॉम यूटीएफ-८, टू यूटीएफ-८, एनएफसी (म्हणजे फोडलेला ऱ जोडून अख्खा करा) आणि रिकर्सिव्ह (आतल्या फोल्डरांतही जा) असे ऑप्शन देऊन फोटोंच्या मुख्य फोल्डरवर चालवा. ते पहिल्यांदा नुसतं काय काय बदलणार याची यादी दाखवतं, हात लावत नाही. यादी वाचा, बरी वाटली तर 'नोटेस्ट' लावून पुन्हा चालवा. हे शेअरवरून करू नका, सर्व्हरवर बसून करा. आणि बॅकअप आहे ना? बारशाचे फोटो आहेत म्हणून विचारतोय.

जाता जाता, मराठी नावं देणाऱ्यांसाठी अजून एक खोच. लिनक्सच्या डिस्कवर फाइलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं असतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त सगळे वेगळे मोजतात, म्हणजे ८५ चिन्हांत नाव बसलं पाहिजे. विंडोजला २५५ चिन्हं चालतात. त्यामुळे 'आजोबांच्या पंचाहत्तरीनिमित्त' पासून सुरू करून हॉलच्या पत्त्यापर्यंत जाणारी नावं विंडोजवर सुखाने नांदतात आणि लिनक्सवर कॉपी करताना नाव लांब आहे म्हणून अडतात.

प्रश्न : राउटरच्या मागे पेनड्राइव्ह लावून फोटो शेअर केलेत. जुन्या लॅपटॉपवरच्या जुन्या लिनक्सवर दिसतात, नवीन मिंटवर माउंट केलं की 'होस्ट इज डाउन'. पिंग (राउटर जागा आहे का ते विचारणारी कमांड) व्यवस्थित जातो.

उत्तर : होस्ट मजेत आहे, फक्त तो जुनी भाषा बोलतो आणि नवीन लिनक्सने ती बोलणं सोडलंय. बरेचसे जुने राउटर फक्त एसएमबी१, म्हणजे एसएमबीची जुनी आवृत्ती, बोलतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने जगभर जो धुमाकूळ घातला तो विंडोजच्या याच एसएमबी१ मधल्या भोकातून. त्याच वर्षी लिनक्स कर्नलने (लिनक्सचा गाभा) ४.१३ पासून माउंट करताना आपणहून एसएमबी१ वापरणं थांबवलं, आणि लिनक्सवरून फोल्डर शेअर करणाऱ्या सांबा या प्रोग्रामनेही २०१९ च्या ४.११ पासून ते आपणहून बंद ठेवलं, सांगितलं तरच चालू. (सांबा हे नाव म्हणजे एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारा शब्द डिक्शनरीत शोधून ठेवलेलं आहे. नाचाशी काही संबंध नाही.)

माउंटच्या ऑप्शनमध्ये 'व्हर्स=१.०' लिहिलंत तर चालू होईल. घरापुरतं, आणि तेही नाइलाज म्हणून. राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून एसएमबी२ येतंय का बघा. नाहीतर तो जुना लॅपटॉप आहेच ना तुमच्याकडे, पेनड्राइव्ह त्याला लावा, त्यावर सध्याचं लिनक्स आणि सांबा टाका, राउटरपेक्षा जोरातही चालेल.

प्रश्न : फोटो दिसतो, पण आडवा आलेला सरळ करून सेव्ह करायला गेलं की परमिशन नाही म्हणतो. पासवर्ड बरोबर आहे.

उत्तर : सुडोने माउंट केलंय ना? मग त्या सगळ्या फाइलींचा मालक रूट, म्हणजे मशीनचा मुख्य युजर, झाला आणि तुम्ही नुसते बघे. माउंटच्या ऑप्शनमध्ये 'युआयडी=१०००' आणि 'जीआयडी=१०००' वाढवा, स्वतःचा नंबर 'आयडी' कमांडने बघून घ्या, अनमाउंट करून परत माउंट करा. तरी नाहीच झालं तर शेअर करणाऱ्या मशीनवर जाऊन बघा, तिथेच ते 'रीड ओन्ली' म्हणून शेअर केलेलं असणार.